भरडीची घरं

जनका गेली हे मला हिंगोलीत कळलं. २००४ साल, माघ महिना, आमची महिन्याची बैठक होती. साहेब भिंतीवरच्या तक्त्यावर पट्टी ठेवून सांगत होते, की मलेरिया कुठं वाढला, कुठं उतरला, आणि रक्ताच्या काचपट्टीत काहीच सापडत नाही असा जो बाकीचा ताप, तो ऋतूचा. तो येतो, जातो. त्याची चिंता करू नका. हे वाक्य मी ध्यानात ठेवत होतो, कारण माझ्या बायकोला, जनकाला, या वाक्याचा फार राग होता. घरी जाऊन सांगितलं की ती म्हणणार, 'येतो तर कुटून येतो? जातो तर कुटं जातो? काहून सांगत न्हाईत तुमचे साहेब?' मी म्हणणार, 'विचारतो.' आणि मी विचारणार नाही हे दोघांनाही माहीत असणार. एवढ्यात शिपायानं खांद्याला हात लावला. फोनवर किसनसिंग होता. आमच्या गावातली पिठाची गिरणी त्याची, आणि जनका तिथंच कामाला. 'सोनाजी,' तो म्हणाला, 'वहिनी गेल्या. आत्ता, गिरणीत. डबा पुढं सरकवला, खाली बसल्या, अन् उठल्याच न्हाईत. तू ये.' त्याला आडवळणानं बोलता येत नाही. मी 'बरं' म्हणालो आणि फोन ठेवला.

कळमनुरीची बस मिळाली. खिडकी बंद होत नव्हती. मागं एक बाई खोकली, मग पुढचा फेटेवाला, मग कंडक्टर. मी काही ठरवून करत नव्हतो, पण फाट्यावर उतरलो तेव्हा माझ्या डोक्यात आकडा तयार होता. नऊ. नऊ जण खोकत होते, त्यातली पाच लेकरं. फाट्यापासून गाव चार किलोमीटर आहे. अर्ध्या वाटेवर माझ्या ध्यानात आलं की हा आकडा मी जनकासाठी आणला आहे. आता तो द्यायचा कुणाला? आणि तिथंच, तुरीच्या काढलेल्या रानाच्या कडेला, मला हसू आलं. रडू नंतर आलं, ते सगळ्यांना येतं. पण आधी हसू आलं, आणि हे मी कुणाला सांगितलेलं नाही. ती नुसती भेटली असती तरी तिनं पहिल्यांदा हेच विचारलं असतं, 'बशीत किती खोकत होते?' जेवलात का, हे दुसरं.

मी आरोग्य सेवक आहे. लोक मलेरियावाला म्हणतात. पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी जायचं, ताप आहे का विचारायचं, असला तर बोट टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, चार गोळ्या द्यायच्या आणि दाराच्या चौकटीवर तारीख लिहून पुढं जायचं. १९९१ साली मी या गावात आलो. तेव्हा मला बघून लेकरं कणगीमागं लपायची आणि म्हातारी माणसं 'आमच्या घरी कुनालाच ताप न्हाई' असं कपाळावर ओली पट्टी ठेवून सांगायची. मी ते लिहून घ्यायचो. पावसाळ्यात निम्मं गाव नाक पुसत असे आणि माझ्या कागदावर ताप शून्य. जनकाला मी एकदा तो कागद वाचून दाखवला. भाकरी थापता थापता ती थांबली आणि म्हणाली, 'ओ मलेरियावाले, मंग सकाळपासून माज्याकडं भरडीचे सात डबे आले ते कशाचे?'

ते मला समजायला दोन वर्षं लागली असती. तिनं एका भाकरीत समजावलं. भाकरीला ज्वारी बारीक दळतात. पण घरात कुणी तापलं, तोंडाची चव गेली, की बाई ज्वारीची भरड काढून नेते. त्या जाड्याभरड्या ज्वारीच्या मऊ कण्या शिजवतात आणि आजाऱ्याला ताकाबरोबर देतात. मलेरियावाल्याशी खोटं बोलता येतं, गिरणीत बोलता येत नाही. तिथं 'जाड काढा' असं तोंडानं सांगावंच लागतं. जनका डबे ओळीनं लावायची, वजन करायची, पीठ भरून द्यायची, आणि कोणत्या घरची भरड आली ते ध्यानात ठेवायची. संध्याकाळी मला सांगायची, 'उद्या वरच्या आळीला जावा. खेमाच्या घरची भरड हाय, त्याच्या शेजारची हाय.' मी जायचो. दारात उभा राहून म्हणायचो, 'लेकरू कालपासून तापलंय ना?' आतली बाई घाबरून बघत राहायची. पुढं पुढं माझ्याविषयी असं पसरलं की सोनाजीला ताप वासानं कळतो. साहेबांच्याही कानावर गेलं. त्यांनी बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं, 'कसं ओळखता हो तुम्ही?' मी म्हणालो, 'अनुभव, साहेब.' टाळ्या पडल्या. घरी येऊन जनकाला सांगितलं तर ती इतकी हसली की तिला उचकी लागली. मला वाटलं होतं ती चिडेल. ती चिडली असती तर बरं झालं असतं, असं आता कधी कधी वाटतं.

चूकही व्हायची. म्हैस व्याली की तिलाही भरड शिजवून घालतात. एकदा मी जळबाच्या घरी काचपट्ट्या घेऊन हजर झालो आणि विचारलं, 'तापलंय कोण?' जळबा म्हणाला, 'कुनी न्हाई. या, बसा.' मला वाटलं हा लपवतोय. मी हटून बसलो. शेवटी त्यानं मला गोठ्यात नेऊन रेडकू दाखवलं आणि ताटलीभर खरवस पुढं ठेवला. जनकासाठी केळीच्या पानात बांधूनही दिला. त्या दिवसापासून भरड आली की जनका पहिल्यांदा विचारायची, 'म्हैस व्याली का लेकरू तापलं?' काही बायका चिडायच्या. काही आधीच सांगत यायच्या, 'जनकाबाई, म्हशीची हाय गं, नवऱ्याला पाठवू नको.' आणि ज्या दिवशी ती माझ्याआधी घरी येऊन खरवस खात बसलेली असायची, त्या दिवशी मला काही विचारायची गरजच पडायची नाही.

तिला लिहिता येत होतं, पण थोडं. ती चिंचोके ठेवायची. गोळ्यांचा रिकामा डबा मी दिला होता, त्यात एका घरची भरड आली की एक चिंचोका. म्हशीचा नाही. प्रत्येक महिन्याचे चिंचोके वेगळ्या फडक्यात बांधून ती फळीवर ठेवून द्यायची. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तिनं ती फडकी जमिनीवर सोडून मला बसवलं आणि दाखवलं की हा ताप वर्षातून दोनदा येतो. मोठा येतो तो शाळा भरल्यावर महिन्या-सव्वा महिन्यानं, श्रावणात, आणि भादव्यापर्यंत राहतो. धाकटा संक्रांतीनंतर येतो आणि शिमग्याला जातो. 'आधी लेकरू, मंग माय, मंग म्हातारं,' ती बोट फिरवत म्हणाली, 'आन् चार दिवसांनी शेजार.' मी म्हणालो, पावसात भिजतात म्हणून येतो. तिनं ते ऐकून घेतलं. पुढं एका साली पावसानं दडी मारली. सबंध श्रावण कोरडा गेला, कुणाची टोपीसुद्धा भिजली नाही, आणि चिंचोके तितकेच पडले. त्या साली ती रोज संध्याकाळी मला विचारायची, 'भिजले का हो आज कुनी?' मी जेवत राहायचो.

मग तिनंच शोधलं. २००२ सालचा पावसाळा असेल. दिवसभर लाईट नसायची. आली तर दुपारी तीन तास, तीही कधी येईल सांगता यायचं नाही. लाईट आली की अर्धं गाव डबे घेऊन गिरणीत. पत्र्याची खोली ती केवढी, आणि पीठ उडू नये म्हणून खिडकी बंद, दार लोटलेलं. चाळीस-पन्नास बाया आपापल्या डब्याला चिकटून बसलेल्या, मांडीवर लेकरं, पट्ट्याची फटफट एवढी की बोलायचं तर दुसरीच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडायचं. मी त्या खोलीत कितीदा गेलो असेन. पायाखालची फरशी थरथरायची, ती थरथर नडगीतून वर चढायची, आणि त्या धुरळ्यात पांढऱ्या पापण्यांची जनका दिसायची, हातात पीठ ओढायचं खुरपं, कमरेला पदर. गरम पिठात ती हाताची मागची बाजू ठेवून बघायची, जशी लेकराच्या कपाळावर ठेवतात. ती खोली मला आवडायची. तिथून ताप गावभर जातो असं माझ्या मनात कधी आलं नाही. तिच्या आलं. 'लाईट जितकी कमी, गर्दी तितकी जास्ती,' ती म्हणाली. 'आन् आठ दिवसांनी भरड. बराबर आठ दिवसांनी. मी तीनदा पाहिलं.' मी विचारलं, 'मग काय गिरणी बंद करायची?' ती म्हणाली, 'गिरणी कशाला? बाया घरी जाऊ द्या. डबे बसतील ओळीत.'

इतकी सोपी गोष्ट. पण आमच्या गावात बाई डबा सोडून गिरणीतून उठत नाही. पीठ बदललं तर? आणि पीठ बदललं म्हणजे कुणाचं कुणाकडं जाईल, हे तोंडानं कुणी म्हणत नसलं तरी सगळ्यांना कळतं. आम्ही बौद्ध. समोरच्या आळीत जमीनवाले. पीठ दळणारी आमची बाई चालते, पण आमच्या घरचं पीठ चालणार नाही. किसनसिंग हसून म्हणायचा, 'अरे, मागच्याचं मूठभर पुढच्याच्या डब्यात जातंच. जातं काय धुऊन घेतो का मी दर वेळी?' पण हे तो बायका गेल्यावर म्हणायचा. जनकानं २००३ च्या आषाढात त्याला पटवलं. तिनं जुन्या लुगड्यांच्या रंगीत चिंध्या फाडल्या, प्रत्येक घराला एक रंग, आणि प्रत्येक डब्याच्या कडीला बांधल्या. सगळ्यात आधी अनुसयाबाईंनी डबा ठेवला. साठीच्या, जमीनवाल्या, आळीतल्या सगळ्या सुना त्यांना घाबरतात. त्यांना गुडघ्यांमुळं खाली बसणंच होत नव्हतं. त्या म्हणाल्या, 'जनके, ठिवते डबा. पन एक मूठ कमी आली तर तुजं नाव घेऊन बोंब मारीन.' त्यांचं बघून बाकीच्यांनी ठेवले. श्रावणात गिरणीत डब्यांची रांग आणि आत फक्त दोन माणसं, जनका आणि किसनसिंग. किसनसिंगला करमेना. 'भुताची गिरणी केली वहिनी तुमी,' तो म्हणायचा. डब्यात पडणारे चिंचोके कमी झाले. मी माझ्या फेरीत बघत होतो, तापाची घरं खरंच कमी होती.

मग महालक्ष्म्या आल्या. सणाची घाई, डब्यावर डबे, त्यात एक चिंधी सुटली असेल आणि दुसऱ्याच डब्याला बांधली गेली असेल. अनुसयाबाईंचा डबा आमच्या घरी आला आणि आमचा त्यांच्या घरी गेला. आम्हाला कळलं नाही. आम्ही खाल्लं. त्यांच्याकडं त्या पिठाची आंबील झाली, नैवेद्य झाला, लक्ष्म्या जेवल्या, पाहुणे जेवले. चौथ्या दिवशी सुनेनं डब्याच्या बुडाचा पोचा बघितला आणि किंचाळली. आळीतले चार कर्ते पुरुष गिरणीपुढं उभे राहिले. मी फेरीवरून आलो तेव्हा जनका दारात उभी होती आणि तिचा चेहरा पिठाइतकाच पांढरा होता. मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. मला भीती वाटत होती, ते सांगायला लाज नाही. तेवढ्यात अनुसयाबाई काठी टेकत आल्या. म्हणाल्या, 'काय झालं रे? लक्ष्म्या जेवल्या अन् गेल्या. त्यायला काई कळलं न्हाई, तुमाला काहून कळून राहिलं?' मग त्या जनकाकडं वळल्या. 'तुजी जवारी कुटली गं? आंबील लई गोड झालती.' जनका म्हणाली, 'भावाच्या रानातली, माय.' 'मंग पायलीभर पाठव,' त्या म्हणाल्या, 'माजी परत दे. तुमी खाऊन संपवली असंन मेल्यांनो.' किसनसिंग आधी हसला, मग मी. त्या चौघांतलाही एक जण तोंड फिरवून हसत होता, मी बघितलं.

तरी दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक बाई आपल्या डब्याशेजारी येऊन बसली. हसणं वेगळं आणि डबा वेगळा. भादवा संपला तेव्हा जनकानं चिंचोके मोजले. आधीच्या तीन वर्षी, शाळा उघडल्यापासून भादव्यापर्यंत, एकोणतीस, छत्तीस, एकतीस. त्या वर्षी तेरा. मी उठून उभा राहिलो. मी म्हणालो, जनका, मी हे साहेबांना सांगतो, तुझ्या नावानं सांगतो. तिनं मला खाली बसवलं. 'एक साल धरून काय खरं? ह्या साली तापच कमी असंन. वाऱ्यावर असतं कदी. आनखी एक साल पाहिजे. तवा सांगा.' तेरा चिंचोके हातात धरून ती खूश होती, आणि तरी म्हणत होती की खरं नसेल. असं खूश होणं मला कधी जमलं नाही. मला एकदा टाळी पडली की पुरे होतं.

माघात ती गेली. डॉक्टर म्हणाले रक्तदाब. शेहेचाळीस वर्षांची. त्यानंतरचे महिने मी कसे काढले हे लिहिण्यासारखं नाही. नोकरी केली, चौकटीवर तारखा लिहिल्या. लोक माझ्या तोंडाकडं बघायचे आणि मी बऱ्याचदा तिच्या एखाद्या बोलण्यावर आतल्या आत हसत असायचो, मग ओठ आवळून धरायचो. पण जेठ सरला, शाळा उघडायला आली, तसं मला एक भय वाटू लागलं. दुसरं साल आलं होतं. तेरा हा आकडा माझ्याकडं होता आणि तो माझ्या मनात फार चांगला बसला होता. बाजारात, बसमध्ये, अंथरुणावर पडल्या पडल्या मी तो आठवायचो आणि बरं वाटायचं. माझी बायको शिकलेली नव्हती आणि जे तक्त्यात नव्हतं ते तिला सापडलं होतं. आता पुन्हा डबे ठेवून मोजलं आणि तीस घरं निघाली तर? मग ती चुकली होती. मग तिची ती सगळी संध्याकाळची बोलणी नुसती बोलणी होती. मोजलंच नाही तर ती कायमची बरोबर राहणार होती. मी ठरवलं की मोजायचं नाही. ठरवल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं, पण जेवण जाईना.

आमची लेक साक्षी वसमतला मास्तरकीचं शिकते. ती रविवारी आली, तेव्हा मी तिला हे सांगितलं. मला वाटलं ती माझी समजूत काढेल. ती आईसारखी आहे. म्हणाली, 'पप्पा, आई बराबर व्हती असं आई कवा म्हनली? आई म्हनली, आनखी एक साल पाहिजे. तिचं तेवडंच म्हननं व्हतं. तुमी तिला बराबर ठरवून राहिले, तिला तर बगायचं व्हतं.' मी म्हणालो, 'चूक निघाली तर?' 'निघू द्या,' ती म्हणाली. 'ती हसली असती. तुमीच रडले असते.' मग म्हणाली, 'यंदा अधिक महिना हाय, अधिक श्रावण. तेवड्यावरून वाद घालत बसली असती ती. म्हनली असती, तापाला पंचांग येत न्हाई, शाळा उघडल्यापासून दिवस मोजा.' आम्ही दोघं हसलो. आणि मग कितीतरी वेळ त्यावरच बोलत बसलो, जशी ती स्वयंपाकघरात आहे आणि ऐकते आहे.

किसनसिंग सहजी तयार झाला नाही. 'फिर वही झमेला? गेल्या साली मार खाता खाता राहिलो.' मी म्हणालो, या वेळी चिंध्या नाहीत. साक्षी ऑइलपेंट घेऊन आली होती. तिनं दोन रविवार बसून डब्यांवर नावं घातली, बाजूला आणि बुडालाही. अनुसयाबाईंना मी विचारायला गेलो नव्हतो, त्याच आल्या. डबा पुढं ठेवून म्हणाल्या, 'माजं नाव मोठं घाल पोरी. अन् एक इचारते सोनाजी, ते दळायला कोन बसनार? तुला तर पीठ बी चाळता येत न्हाई.' मी म्हणालो, सकाळची फेरी झाली की दुपारचे तीन तास मी बसणार. त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. म्हणाल्या, 'जनका हसली असती रे बाबा.' 'हो,' मी म्हणालो. आणि ते खरं आहे. मी पहिल्या दिवशी भाकरीची ज्वारी जाड काढली, खेमाच्या बायकोनं डबा उघडून माझी शोभा केली. दुसऱ्या दिवशी पट्टा निसटला. तिसऱ्या दिवसापासून बरं जमतं. पापण्यांवर पीठ बसतं ते संध्याकाळपर्यंत जात नाही, आणि चौकटीवर तारीख लिहायला गेलो की लेकरं मला बघून हसतात. आता लपत नाहीत. निम्म्या बायका डबा ठेवून जातात. बाकीच्या बसतात, पण दार मी उघडं ठेवतो, पीठ उडालं तर उडू देतो. किसनसिंग ओरडतो.

यातून काही सिद्ध होईल की नाही, मला माहीत नाही. निम्म्याच बायका जातात म्हणजे हे गेल्या सालासारखं झालं का, हेही माहीत नाही. तिला विचारलं असतं. तक्त्यात या तापाला अजून रकाना नाही, आणि साहेबांना मी अजून काही बोललेलो नाही, कारण बोलायचं ते दोन्ही आकडे हातात आल्यावर, आणि तिच्या नावानं. शाळा उघडून अठरा दिवस झाले. भरडीची दोन घरं आली आहेत. गेल्या सालाइतके दिवस भरायला अजून जवळपास तीन महिने आहेत, आणि तोपर्यंतची मोजणी राहिली आहे.